ओलियमची गळती आणि ‘निरपेक्ष दायित्वा’चा घोळ : पार्श्वभूमी

रासायनिक अपघाताच्या बातमीत ‘निरपेक्ष दायित्व’, म्हणजे चूक असो-नसो, धोकादायक उद्योगाने अपवादाविना भरपाई द्यायची, हे शब्द आले की त्यांचा उगम भोपाळमध्ये आहे असे गृहीत धरले जाते. ते खरे नाही. हे तत्त्व निघाले ते दिल्लीतल्या ओलियमच्या एका टाकीतून, भोपाळला एक वर्ष आणि एक दिवस झाला तेव्हा.

ओलियम म्हणजे सल्फर ट्रायऑक्साइड मुरवलेले सल्फ्युरिक ॲसिड. पूर्वी जर्मनीत हिराकस भाजून ते काढत. आता रंग आणि डिटर्जंटच्या धंद्यात ते टँकरने फिरते. त्याच्या टक्केवारीने नवखा माणूस हमखास फसतो. ‘२३ टक्के ओलियम’ ऐकून ते ९८ टक्क्यांच्या ॲसिडपेक्षा सौम्य असेल असे वाटते. प्रत्यक्षात २३ हा आकडा वरून मुरवलेल्या मोकळ्या ट्रायऑक्साइडचा असतो. ॲसिडच्या हिशोबात २० टक्के ओलियम म्हणजे १०४.५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड. ते सांडले की हवेतल्या ओलाव्याशी भिडून पांढरा धूर होतो. तो धूर म्हणजे ॲसिडचे बारीक तुषार. ते हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकतात. सांडलेल्या ओलियमवर थेट पाणी मारणे ही सर्वांत मोठी चूक. त्याने उष्णता आणि धूर दोन्ही भडकतात. त्यावर कोरडी वाळू टाकायची आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांबायचे. अंगावर उडाले तर मात्र उलटे : कपडे उतरवून भरपूर पाणी ओतत राहायचे. कारखान्यातही ट्रायऑक्साइड थेट पाण्यात न शोषता तीव्र ॲसिडमध्ये शोषतात, ते पाण्याने धूर भडकतो याच कारणाने.

४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतल्या एका मोठ्या कारखान्यात ओलियमची टाकी जिच्यावर बसवली होती ती चौकटच कोसळली आणि टाकी फुटली. म्हणजे रसायनशास्त्राआधी लोखंडकाम हरले. तीस हजारी न्यायालयात वकिली करणारे एक गृहस्थ दगावले, असे सर्वोच्च न्यायालयापुढे सांगण्यात आले. दोनच दिवसांनी एका पाइपच्या सांध्यातून पुन्हा थोडी गळती झाली. कारखान्यापासून तीन किलोमीटरच्या आत सुमारे दोन लाख लोक राहत होते. निकालपत्रात या पदार्थाला सर्रास ‘ओलियम वायू’ म्हटले आहे, पण ओलियम हा द्रव आहे.

त्याच आवारातल्या क्लोरीन प्रकल्पाविरुद्धची याचिका गळती झाली तेव्हा आधीच सर्वोच्च न्यायालयात होती. त्यामुळे पुढचा सगळा वाद चालला क्लोरीनवर, आणि नाव झाले ओलियमचे.

वादाचा खरा निर्णय १७ फेब्रुवारी १९८६चा. सुमारे ४,००० कामगारांच्या पोटाचा प्रश्न पुढे करून न्यायालयाने गळतीनंतर बंद पडलेला क्लोरीन प्रकल्प अटींवर पुन्हा सुरू करू दिला. अटी म्हणजे २० लाख रुपये अनामत, १५ लाखांची बँक हमी, शिवाय वायू सुटून कोणी मेले किंवा जखमी झाले तर भरपाईची जबाबदारी वरिष्ठ पदाधिकाऱ्याने स्वतःवर घेतल्याचे हमीपत्र. ही शेवटची अट झोंबली. मार्चमध्ये ती सैल झाली : दैवी आपत्ती किंवा घातपात सिद्ध केला तर जबाबदारीतून सुटका. आणि २० डिसेंबर १९८६ रोजी त्याच खटल्यात घटनापीठाने सांगितले की धोकादायक उद्योगाला कोणताही अपवाद मिळणार नाही. उद्योग जितका मोठा, तितकी भरपाई मोठी. मार्चमध्ये माणसाला दिलेली पळवाट डिसेंबरमध्ये उद्योगाला नाकारली गेली. कायद्याचे अभ्यासक या दोन गोष्टींचा मेळ घालतात : एक जबाबदारी व्यक्तीची, दुसरी संस्थेची. मला तो मेळ ओढूनताणून आणलेला वाटतो.

डिसेंबरच्या या निकालाने १८६८च्या इंग्रजी ‘कठोर दायित्वा’ला, म्हणजे चूक नसली तरी जबाबदार धरणाऱ्या नियमाला, मागे टाकले. त्या जुन्या नियमात दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य असे अपवाद होते. इथे ते संपले. पण या निकालात कोणालाच भरपाईचा रुपया मिळाला नाही. कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या मंडळाने दोन महिन्यांत पीडितांच्या वतीने दावे लावावेत, एवढेच सांगितले गेले. त्यामुळे पुढे सर्वोच्च न्यायालयातच, भोपाळच्या प्रकरणात, हे तत्त्व केवळ ओघात केलेले भाष्य असल्याचा सूर निघाला. ते भाष्य नसून बंधनकारक नियम आहे, हे ठामपणे म्हटले गेले १९९६ मध्ये, उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या खटल्यात. तिथेही आरोपीच्या पिंजऱ्यात एच-ॲसिडबरोबर (रंग बनवायला लागणारे रसायन) ओलियमचे कारखाने होतेच.

दरम्यान १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण आले, १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले आणि १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा. त्याच्या मूळ तक्त्यात मृत्यूसाठी २५,००० रुपये होते. ज्या निकालाने ‘उद्योग मोठा, तर भरपाई मोठी’ म्हटले, त्याच्या पाठोपाठ आलेला हा आकडा.

शब्दांचा घोळ अजून मिटलेला नाही. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणममध्ये स्टायरीनची वाफ सुटली. दुसऱ्याच दिवशी हरित न्यायाधिकरणाने कंपनीला ५० कोटी रुपये भरायला सांगितले, आणि आदेशात शब्द वापरला ‘कठोर दायित्व’.