वाड्याचा दरवाजा (सातारा-सांगली)

साताऱ्याच्या जुन्या पेठा, वाई, मेणवली आणि सांगलीचा गावभाग इथल्या वाड्यांचे रस्त्याकडचे मुख्य दार. मोठ्या वाड्यात ते दोन फळ्यांचे (झडपांचे), जाड सागवानी असते. एका फळीत माणसापुरती दिंडी, म्हणजे छोटे दार, आणि आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या (बसायच्या जागा) असतात. चौकटीच्या माथ्यावरची गणेशपट्टी, वेलबुट्टी आणि कमळे यांकडेच पाहणाऱ्याचे लक्ष जाते. दाराची खरी करामत मात्र खाली, उंबऱ्यामागे असते.

हे दार बिजागरीवर फिरत नाही. फळीच्या कडेलाच वर-खाली गोल खुंट्या कोरलेल्या असतात. वरची खुंटी चौकटीमागच्या लाकडाच्या भोकात आणि खालची दगडी खळग्यात बसते. सगळे वजन खालच्या खुंटीवर येते, म्हणून झीजही तिथेच होते. दार उंबऱ्याला घासू लागले की खालची कड रंधायची, हा नेहमीचा चुकीचा उपाय. खुंटी झिजतच राहते आणि वर्षा-दोन वर्षांत दार पुन्हा घासते. वरचे भोकाचे लाकूड सोडवून फळी पहारीने उचलावी, खळगा साफ करून त्यात लोखंडी चकती टाकावी, मग दार परत बसवावे. चौघे जण तरी हवेत.

बंद दाराला आतून अडसर, म्हणजे आडवा दांडा, लागतो. एका बाजूच्या भिंतीत दाराच्या रुंदीइतके खोल भोक ठेवलेले असते. दिवसा अडसर त्यात सरकवलेला असतो; रात्री तो ओढून समोरच्या भिंतीच्या खाचेत घालतात. भिंत खचली की भोक आणि खाच एका रेषेत राहत नाहीत. गिलावा करताना गवंडी भोक बुजवून टाकतात, हे तर सर्रास.

लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे ओल. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, पायरी बुडते आणि पावसाचे पाणी थेट उंबऱ्याला लागते. चौकटीभोवती सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते. तिथे चुनाच हवा. ऑइल पेंटच्या थरांनी कोरीवकाम भरून जाते. तो काढायला कॉस्टिक सोडा वापरू नये, सागवान काळे पडते. रंग काढल्यावर बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) दोन-तीन पातळ हात पुरतात.

सांगलीत यात कृष्णेच्या पुराची भर. २००५ आणि २०१९ साली गावभागात पाणी शिरले. पुरानंतर फुगलेली फळी लगेच रंधू नये. सुकल्यावर तीच आकसते आणि फट पडते. दार सावलीत, वारा लागेल असे ठेवावे, कडक उन्हात चिरा जातात. खळग्यातला गाळ खरवडून काढणे सर्वांत महत्त्वाचे, नाहीतर रेती खुंटीला खात राहते. दोन फळ्यांमध्ये सुतार एखाद-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागा सोडतात, ती याच फुगण्यासाठी.

वाडा पाडला की चौकटीला गिऱ्हाईक पटकन मिळते. घाईत भिंतीत गाडलेली चौकटीची टोके करवतीने कापली जातात आणि खळग्याचा दगड राडारोड्यातच जातो. अशी चौकट नव्या बंगल्यात शोभेला चालते. दार फिरवायचे तर बिजागऱ्याच ठोकाव्या लागतात, आणि एवढे वजन त्या फार दिवस पेलत नाहीत.