सॅम्युअल बेकेट पूल

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे लिफी नदीवर असलेला फिरता केबल-स्टेड (मनोऱ्यापासून निघालेल्या तिरप्या केबलनी पेललेला) पूल. दक्षिण तीरावरचा सर जॉन रॉजरसन्स की हा धक्का आणि उत्तर तीरावरची गिल्ड स्ट्रीट यांना तो जोडतो. स्पॅनिश वास्तुकार व अभियंते सांतियागो कालात्रावा यांनी त्याचा आराखडा केला. १० डिसेंबर २००९ रोजी तो पादचाऱ्यांसाठी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वाहनांसाठी खुला झाला. लांबी सुमारे १२० मी., खर्च सुमारे ६ कोटी युरो. वाहनांसाठी चार मार्गिका असून कडेने पायवाटा आहेत. जन्माने डब्लिनकर असलेले लेखक सॅम्युअल बेकेट (१९०६–८९, साहित्याचे नोबेल १९६९) यांचे नाव पुलाला दिले आहे. जेम्स जॉइस पूल (२००३) आणि शॉन ओकेसी पूल (२००५) हे लेखकांच्या नावांचे आणखी दोन पूल याच नदीवर आहेत. त्यांपैकी पहिला कालात्रावा यांचाच.

उत्तरेकडे वाकलेला पोलादी मनोरा आणि त्यापासून निघालेल्या ३१ केबल पाहिल्या, की आडवी ठेवलेली हार्प (तारांचे एक वाद्य) नजरेसमोर येते. हार्प हे आयर्लंडचे राष्ट्रचिन्ह असून तिथल्या युरो नाण्यांवरही ते असते, त्यामुळे पुलाच्या बहुतेक वर्णनांची गाडी याच साम्यावर अडते. अभियंत्याच्या दृष्टीने पाहण्यासारखे बरेचसे मात्र दक्षिणेकडच्या आखूड बाजूला आहे.

फिरत्या पुलाची खरी अडचण अशी, की एकाच सांगाड्याला दोन वेगवेगळ्या पुलांचे काम करावे लागते. बंद असताना त्याची दोन्ही टोके काठांवर टेकलेली असतात आणि वाहनांचा भार तिथे वाटला जातो. उघडायच्या वेळी टोके मोकळी होतात आणि सगळा पूल नदीतल्या एकाच खांबावर, तराजूच्या दांडीसारखा, तोलून धरावा लागतो. म्हणून पुलाचे स्वतःचे वजन दोन्ही स्थितींत मनोरा आणि केबल यांनीच पेलायचे. काठावरच्या आधारांकडे मुख्यतः ये-जा करणारा भार जातो.

खांब नदीच्या मधोमध घेतला असता तर दोन्ही भुजा सारख्या झाल्या असत्या आणि तोल आपसूक साधला असता. पण मग जहाजांची वाट दोन अरुंद भागांत विभागली गेली असती. इथे खांब दक्षिणेकडे सरकवला आहे. त्यामुळे उत्तरेला एक प्रशस्त वाट मिळते, आणि बदल्यात एक भुजा लांब, दुसरी आखूड होते. दोन भुजांचे वजन आणि खांबापासूनचे त्यांच्या गुरुत्वमध्याचे अंतर यांचे गुणाकार जुळले पाहिजेत. लांब बाजूचे हे अंतर तिप्पट असेल, तर आखूड बाजू तिप्पट जड हवी. यासाठी मागच्या, म्हणजे आखूड बाजूच्या, गाळ्यात मुद्दाम वजन भरलेले असते. ते बाहेरून दिसत नाही.

मनोऱ्याच्या कलण्यामुळे हे गणित आणखी अवघड झाले आहे. कालात्रावा यांच्याच सेव्हिल येथील आलामियो पुलाचा (१९९२) मनोरा भाराच्या उलट दिशेला, मागे रेललेला आहे. तिथे मनोऱ्याचे वजनच समोरच्या गाळ्याला तोलते आणि मागच्या केबल लागतच नाहीत. डब्लिनचा मनोरा भाराच्याच दिशेला झुकतो. त्यामुळे त्याला मागे ओढून धरणाऱ्या केबल दोन रांगांत द्याव्या लागल्या. शिवाय वक्र मनोऱ्यात दाबाच्या जोडीला वाकवणारे बलही येते. सोपा मार्ग सोडून घेतलेला हा आकार आहे आणि त्याची किंमत पोलादात मोजली आहे, हे म्हणायला हरकत नाही.

समोरच्या केबल डेकच्या (पुलावरच्या रस्त्याच्या सांगाड्याच्या) मध्यरेषेवर उतरतात. दोन्ही कडांना केबल नसल्याने एका बाजूला गाड्यांची रांग लागली की डेक पिळवटू पाहतो. याला उत्तर म्हणजे बंद पेटीच्या आकाराचा पोलादी गर्डर (तुळई), कारण पेटीसारखा छेद पीळ चांगला सोसतो. फिरत्या पुलाचा डेक हलका ठेवण्याकडे कल असतो, कारण लांब भुजेवर चढलेला प्रत्येक किलो आखूड भुजेवर कितीतरी पटीने भरून काढावा लागतो. रस्त्यावर डांबराचा नवा थर द्यायचा झाला, तरी आधी तोलाचा हिशेब करावा लागतो.

फिरवण्याची यंत्रणा मनोऱ्याच्या पायथ्याशी आहे. पूल ९० अंशांतून फिरतो आणि नदीच्या प्रवाहाला समांतर होतो. वजनाचा तोल साधला म्हणून वाऱ्याचा तोल साधत नाही. लांब भुजेवर वारा जास्त क्षेत्रफळावर आणि आसापासून जास्त दूर लागतो, त्यामुळे तो पुलाला आपल्या मनाने फिरवू पाहतो. म्हणून यंत्रणेला पूल फिरवण्याइतकेच त्याला आवरून धरणेही जमावे लागते.

परत येताना टोक नेमके आपल्या जागी बसायला हवे. १०० मी. लांबीचे पोलाद २५ अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे ३ सेंमी. वाढते. उन्हाने वरचा पत्रा तापून खालचा थंड राहिला, तर टोक थोडे खालीही झुकते. त्यामुळे सांध्यात फट राखावी लागते, आणि टोक आधारावर नीट बसवून कुलूपबंद केल्याशिवाय वाहने सोडता येत नाहीत.

बांधकाम ग्रॅहॅम-हॉलंडिया या संयुक्त कंपनीने केले. पोलादी सांगाडा नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या क्रिंपन आन डेन आयसल येथील हॉलंडियाच्या कारखान्यात तयार झाला. लंडन आय या महाकाय पाळण्याचे पोलादकामही याच कंपनीचे. ३ मे २००९ रोजी सांगाडा तिथून निघाला आणि बार्जवरून (सपाट तळाच्या मालवाहू नौकेवरून) समुद्रमार्गे डब्लिनला आला.

डब्लिनचे मालवाहू बंदर पुलाच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे आहे. त्यामुळे पूल उघडायचा तो प्रामुख्याने शिडाच्या उंच नौका आणि पाहुण्या जहाजांसाठी. अशा नौकेला आधी समुद्राकडचा ईस्ट-लिंक (आताचा टॉम क्लार्क) हा १९८४ सालचा उचलता पूल उघडून घ्यावा लागतो. बेकेट पुलाच्या वरच्या अंगाला असलेला पादचाऱ्यांचा शॉन ओकेसी पूलही फिरता आहे, पण त्याच्या दोन भुजा वेगवेगळ्या फिरतात. त्याच्याही पुढे टॅल्बट स्मारक पूल (१९७८) लागतो. तो स्थिर आहे, म्हणजे उंच डोलकाठीच्या नौकेचा लिफीतला प्रवास तिथे संपतो.