मिठाची डबी आणि भुंगा

‘मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल – आइनस्टाइन.’ हा निरोप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर वर्षी येतो. आइनस्टाइन असं म्हणाल्याचा पुरावा कुठेही नाही. शिवाय ज्वारी, गहू, तांदूळ यांचं मधमाशीवाचून काही अडत नाही. यंदा मात्र निरोप वाचून मंडळी पेटली आणि लॉनवर मधमाश्यांची पेटी ठेवायचा ठराव आला. माश्यांनी खायचं काय, हे मी विचारलं. लॉन, कडेनं फायकस, आणि ज्यांचे पुंकेसर पाकळ्यांत बदलून गेलेत अशा चार डबल जास्वंदी. उत्तर आलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार वेगळी होती. कुंडीतल्या वांग्याला फुलं भरपूर येतात, पण गळून जातात. त्यांच्या उपयोगाला ती पेटी आली नसती, आणि का ते सांगायलाच हा लेख लिहितोय.

बहुतेक फुलांत परागकोश, म्हणजे पुंकेसराच्या टोकाची परागाची पिशवी, उभा उकलतो आणि पराग उघड्यावर येतो. वांगं, भुईरिंगणी, टाकळा, तरवड यांचा परागकोश मात्र मिठाच्या डबीसारखा असतो. सगळीकडून बंद, फक्त टोकाला बारीक छिद्र. टोमॅटोत परागकोश जुळून झालेली नळीच अशी डबी बनते. वाऱ्यानं डबी हलून थोडा पराग पडतो, पण नीट हलवायला कुणीतरी हवं. सातेरी, आग्या, फुलोरी या आपल्या मधमाश्यांना ती हलवता येत नाही. हलवतो तो आपला काळाकुळकुळीत, जांभळट चमकत्या पंखांचा भुंगा, आणि पोटावर निळे पट्टे असलेली, एकटी राहणारी एक माशी. अशी छिद्रवाली फुलं जगात सुमारे 20 हजार जातींच्या वनस्पतींना येतात.

भुंग्याचे उडण्याचे मुख्य स्नायू पंखांना थेट जोडलेले नसतात. छातीच्या पेटीत एक जोडी उभी, एक आडवी. एक आकसली की पेटीचा आकार बदलतो, दुसरी ताणली जाते, आणि ताणलं जाणं हाच तिच्यासाठी आकसण्याचा इशारा. प्रत्येक ठोक्याला मेंदूचा हुकूम लागत नाही. फुलावर बसल्यावर मादी पंख मिटते, जबड्यानं परागकोश धरते आणि हेच यंत्र चालू करते. पंखांचा भार सुटल्यामुळे कंपनं वाढतात. अनेक माश्यांत ती सेकंदाला 200 ते 400 भरतात. हार्मोनियमवरची मध्य सप्तकातली काळी एक साधारण 277ची, म्हणजे त्याच पट्टीत. म्हणूनच उडता गुंजारव फुलावर एकदम वरच्या सुरात जातो. (यात ॐकार आहे असं कुणी सांगेलच. काळी एकवर लावलेला मिक्सरही मग पवित्र मानावा लागेल.)

आत काय होतं? 1978 मध्ये बुकमन आणि हर्ली या संशोधकांनी त्याचं गणित मांडलं. परागकण म्हणजे चेंडू, परागकोशाची भिंत म्हणजे जड बॅट. बॅट v वेगानं समोर येताना चेंडू आदळला तर तो जास्तीत जास्त 2v वेग जादा घेऊन परततो. भिंत मागे जाताना आदळला तर तितकाच गमावतो. मग हिशेब शून्य व्हायला हवा! होत नाही, कारण समोरासमोरच्या टकरी पाठीमागून होणाऱ्या टकरींपेक्षा जास्त वेळा घडतात. पावसात धावताना पाठीपेक्षा छाती जास्त भिजते, तसं. कणांची ऊर्जा वाढत जाते आणि त्यांतले काही छिद्रातून उडतात. ऊर्जा घर्षणातही जाते, पण ते गणित इथे सोडून देतो.

तरवड यावर आणखी एक कडी करतो. त्याचे दहा पुंकेसर सारखे नाहीत. वरचे तीन वांझ, मधले चार आखूड, खालचे तीन लांब. अशा फुलांत मादी आखूड केसरांशी झटते, पिलांसाठी पराग गोळा करते. लांब केसरांचा पराग मात्र तिच्या अंगावर अशा जागी पडतो जिथे तिचे पाय सहज पोचत नाहीत. तोच पुढच्या फुलापर्यंत जातो. ही श्रमविभागणी निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर यांनी 1883 मध्येच मांडली होती.

माळावरच्या या झुडपाला पाणी जवळजवळ लागत नाही. चामडं कमावणाऱ्यांना त्याची साल ठाऊक, तेलंगणाचं ते राज्यफूल, आणि आमच्या माळीबुवांच्या यादीत नाही. फुलांत मध नसतो, त्यामुळे फुलपाखरांना फुलांत रस नाही. पिवळसर-पांढरी पाकोळी येते ती पानांवर अंडी घालायला. अळ्या पानं खाणारच, तेव्हा फवारणी नको. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, म्हणून कुणी तीच लावतं. तिनं आपली रानं किती गिळलीत ते आधी पाहावं. भुंगा परदेशी झाडावरही जातो, त्याला वंशावळ कळत नाही.

मात्र त्याला घर लागतं. भुंगा कोरडं लाकूड पोखरतो पण कमळात अडकतो, हा कीर्तनातला दृष्टांत अर्धा तर प्राणिशास्त्रच आहे. वाळकी जाड फांदी, जुना बांबू राहू द्यावा. जगातल्या सुमारे 70 टक्के मधमाशीवर्गीय जाती जमिनीत बीळ करतात, आणि आपण जमिनीवर पेव्हर ब्लॉक अंथरतो. कोपऱ्यात हातभर उघडी माती ठेवली तरी निळ्या पट्टेवालीची सोय होते.

तरवड लावला तरी तो फुलायला आणि भुंगा यायला वेळ आहे, म्हणून काकूंना बॅटरीचा टूथब्रश दिला. परागीकरणासाठी बंबलबी ही केसाळ, जाडजूड माशी येण्यापूर्वी युरोपातल्या टोमॅटोच्या हरितगृहांतही विजेच्या कंपकांनी हेच करत. सकाळी उमललेल्या फुलाच्या देठाला ब्रशची पाठ दोन सेकंद टेकवायची, खाली काळा कागद धरायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी फोटो पाठवला: कागदावर फिकट पिवळी चिमूटभर धूळ, आणि खाली, ‘हे एवढंसंच?’

एवढंसंच.