‘तक्रार झाली की मुलगा बाद’ : एका फॉरवर्डचा खुलासा

वाशी-नेरूळच्या कॉलेज ग्रुपांवर अधूनमधून एक मेसेज फिरतो: मुलीने लैंगिक छळाची तक्रार केली की मुलाचं नाव कटलं, त्याचं कोणी ऐकतच नाही, आणि आरोप सिद्ध झाला नाही तर मुलीलाच शिक्षा. दोन्ही थापा. एकाच मेसेजात दोघांनाही घाबरवायची सोय!

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१५ च्या नियमांनुसार अंतर्गत समितीला, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या कॉलेजच्या समितीला, तक्रारीची प्रत ७ दिवसांत मुलाला द्यावीच लागते. उत्तर, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी द्यायला त्याला १० दिवस. म्हणजे घटनेच्या रात्रीचे चॅट, हॉस्टेलचं रजिस्टर, सोबत असलेला मित्र, सगळं मांडता येतं. चौकशी ९० दिवसांत संपवायची, निष्कर्ष दोघांनाही कळवायचे, पटले नाहीत तर ३० दिवसांत अपील. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत निवडून आलेले ३ विद्यार्थीही बसतात, हे तर कित्येकांच्या गावीही नसतं.

मुलीला शिक्षा? तक्रार मुद्दाम खोटी केल्याचं किंवा बनावट कागदपत्रं दिल्याचं चौकशीत ठरलं तरच. नुसता पुरावा कमी पडला म्हणून नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १४ याबाबत स्पष्ट आहे.

पोलिसांचा मार्ग वेगळा. बलात्कारासारख्या गुन्ह्यात समितीच्या अहवालासाठी थांबायची गरज नाही. झीरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुणाच्या हद्दीत घडला हे न बघता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही पोलीस ठाण्यात होतो.