मध्यस्थी, प्रशासकीय (गोवा)

शासन ज्यात पक्षकार किंवा पालक असते अशा तंट्यांत, निवाडा लादण्याचा अधिकार नसलेल्या तिऱ्हाइताच्या साहाय्याने, किंवा संबंधित खाती व लोक यांनी एकत्र बसून तोडगा काढण्याची पद्धती. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही.

गोव्यात या पद्धतीचे मूळ गावकारीत शोधण्याचा प्रघात आहे. गावच्या सामाईक जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्या या संस्थेला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद म्हणू लागले. तिचा उगम वादग्रस्त आहे. पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोंसू मेशिया याच्या १५२६ च्या फोरालात (सनदेत) तिसवाडी बेटाच्या गावकारांच्या रूढी नोंदलेल्या असून चौघांनी ओसाड बेट लागवडीस आणल्याची कथाही त्यात येते. तीवरून काहींनी गावकारी राजसत्तेहून जुनी ठरवली. इतरांच्या मते ती राजांनी दिलेल्या जमिनींवरील वसाहतींतून, बहुधा मध्ययुगात, आकारास आली. फोराल मुख्यतः महसुलासाठी तयार झाला असल्याने त्यातील कथेवर फार भार टाकू नये. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वांगडवार, म्हणजे गावकार घराण्यांच्या गटांनुसार, मत व एकमताचा आग्रह ही गावकारीची लक्षणे सांगितली जातात. पण त्या एकमतात कुळे, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) व स्त्रिया यांना जागा नव्हती. म्हणून आजच्या मध्यस्थीची ती पूर्वज म्हणणे सावधपणेच करावे. १५ एप्रिल १९६१ च्या संहितेने कोमुनिदादींवर सरकारी प्रशासकांची देखरेख ठेवली.

खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेल्या जमिनीत, एकत्र बसून तोडगा काढण्याचा हा प्रश्न अजून जिवंत आहे. भरतीला मानस (बांधातले पाण्याचे दार) बंद आणि ओहोटीला उघडे राहिले तर भातशेत खाऱ्या पाण्यापासून वाचते; पावणीत (लिलावात) मासेमारीचा हक्क घेणाऱ्याला मात्र भरतीचे पाणी आत यावे असे वाटते, कारण त्याबरोबर सुंगटे (कोळंबी) येतात. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांध व मानशी यांची जबाबदारी पुष्कळ ठिकाणी कुळांच्या संघटनांकडे आली. मानस केव्हा उघडावे हे कुळे, पावणीदार आणि मामलेदार यांनी बांधावर उभे राहून ठरवले तरच ते टिकते. कागदी हुकूम भरतीची वेळ पाळत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ सुधारित रूपात २००२ पासून लागू असून त्यानुसार न्यायालय दावा मध्यस्थीकडे पाठवू शकते. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी तिघांच्या मंडळाची तरतूद आहे. कायद्याची काही कलमे ऑक्टोबर २०२३ मध्ये अमलात आली, सगळी एकदम नव्हे. या कायद्यातील तरतुदीनुसार सरकार पक्षकार असल्यास सक्षम अधिकाऱ्याची लेखी पूर्वसंमती घेतल्यावरच समझोत्यावर सही करता येते. त्यामुळे बैठकीस आलेल्या अधिकाऱ्याला अधिकार किती, हा प्रश्न आधीच सुटावा लागतो.

आंतरराज्यीय पाणीतंट्यात वाटाघाटींनी प्रश्न सुटणार नाही असे केंद्राचे मत झाल्यावर न्यायाधिकरण नेमले जाते; तेथे मध्यस्थी संपून निवाडा सुरू होतो. म्हादई नदीसाठी ते २०१० मध्ये नेमले गेले. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्याने गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ व महाराष्ट्रास १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले.