हंगाम संपल्यावर मेम्ब्रेन कुठे ठेवायचं?

एप्रिलच्या मध्यावर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मेपलच्या कळ्या फुगायला लागतात, रसाला उग्र वास येतो आणि हंगाम आटोपतो. रात्री गोठवणारी थंडी आणि दुपारी बर्फ वितळवणारं ऊन, असे जेमतेम चार ते सहा आठवडे झाड रस देतं. पुढचे दहा महिने यंत्रं नुसती उभी. आपल्या साखर कारखान्यांत गळीत संपलं की ऑफ सीझनला रोलर काढून दुरुस्त्या होतात. मेपलवाल्यांकडे अशा वेळी सगळ्यात जपावं लागतं ते आरओचं (रिव्हर्स ऑस्मोसिस यंत्राचं) मेम्ब्रेन, म्हणजे पंपाच्या दाबाखाली पाणी जाऊ देणारा पण साखर अडवणारा पडदा.

मेपलच्या झाडाचा रस आटवून त्याचं गोड सिरप करतात. मुळात त्याला आरओ लागतो कशाला? गुऱ्हाळात कढईत पडणाऱ्या उसाच्या रसात शंभर भागांत पंधरा-अठरा भाग साखर असते. मेपलच्या रसात ती फक्त दोन भाग. प्यायलं तर किंचित गोडसर पाणी वाटतं. तयार सिरपमध्ये मात्र साखर 66 ते 67 टक्के लागते. तिथले जुने लोक एक सोपा हिशेब करतात: 86 ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं. दोन टक्क्यांचा रस असेल तर 43 लिटर आटवल्यावर हाती एक लिटर सिरप, आपल्या पातळ काकवीसारखं.

आता 1000 लिटर रस घ्या. तो आरओतून नेऊन आठ टक्क्यांपर्यंत दाट केला, की 750 लिटर पाणी न उकळताच बाजूला होतं. पाणी उकळायला लागल्यावरसुद्धा एका लिटरची वाफ करायला सुमारे 0.63 युनिट ऊर्जा जाते. म्हणजे जवळपास 470 युनिटांचं जळण वाचलं. पंपाला लागणारी वीज याच्यापुढे अगदी किरकोळ. म्हणूनच 1970 च्या दशकापासून ही यंत्रं मेपलच्या धंद्यात आली.

मेम्ब्रेन बाहेरून जाड नळकांड्यासारखं दिसतं. आत मधल्या भोकाभोकांच्या नळीभोवती पातळ पापुद्रे आणि जाळ्या घट्ट गुंडाळलेल्या असतात. आठ इंच व्यासाचं एक मेम्ब्रेन उलगडलं, तर सुमारे 400 चौरस फूट पसरेल, म्हणजे मुंबईतला एक लहानसा फ्लॅट. साखर अडवणारा खरा थर पॉलिअमाइड या प्लास्टिकचा. त्याची जाडी केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. खालचा सच्छिद्र थर आणि कापड त्याला फक्त आधार देतात.

या थराचा इतिहास माहीत असला, की त्याची निगा कशी राखायची ते आपोआप समजतं. आरओचं पहिलं व्यवहारात चालणारं मेम्ब्रेन 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी बनवलं. सौरिराजन मूळचे भारतातले, पुढे त्यांनी कॅनडात ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत काम केलं. म्हणजे मेपलच्याच मुलखात, हे मला फार छान वाटतं. त्यांचं मेम्ब्रेन सेल्युलोज ॲसिटेटचं होतं. त्याला थोडंफार क्लोरीन चालायचं, पण जंतू ते खायचे आणि तीव्र आम्ल किंवा अल्कली त्याला सोसत नसे. 1970 च्या दशकात जॉन कॅडॉट यांच्या पॉलिअमाइडने हे उलटं केलं. आता कडक अल्कलीने आणि आम्लाने धुता येतं, पण क्लोरीन अजिबात चालत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही हळूहळू तो थर तोडतं.

हंगामाच्या शेवटी येणारा रस कोमट आणि गढूळ असतो. त्यात जंतू साखरेवर पोसतात आणि जाळ्यांमध्ये बुळबुळीत थर धरतात. रसातले क्षारही साचतात. आधी अल्कलीचा साबण, मग आम्ल, असा धुण्याचा क्रम असतो. हा क्रम उलटा केला तर आम्लाने तो चिकट थर आणखी घट्ट बसू शकतो. साबणाचं पाणी 40-45 अंशांपर्यंत तापवून कमी दाबाने तासभर फिरवतात. दाब वाढवला तर सुटलेली घाण पुन्हा पडद्यात रुतते. नंतर स्वच्छ पाण्याने खळखळून धुवायचं, मग क्षारांसाठी सायट्रिक आम्ल, आणि पुन्हा धुवायचं.

हे स्वच्छ पाणी कुठलं, हा प्रश्न साधा वाटतो, पण इथेच अनेकांची फसगत होते. विहिरीच्या पाण्यात चुना आणि लोह असतं. अल्कलीत तो चुना मेम्ब्रेनवरच बसतो. नळाचं पाणी क्लोरीनमुळे बाद. उरतं ते आरओतूनच रसापासून वेगळं झालेलं पाणी. पण रस थांबला की तेही थांबतं. त्यामुळे शेवटच्या रसाच्या दिवशीच टाकी भरून ठेवावी लागते. ऊन वाढलं की त्या टाकीतही बुरशी येते, म्हणून धुण्याचं काम लगोलग उरकायचं. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

धुऊन झाल्यावर ठरावीक दाबाला मिनिटाला किती पाणी निघतं ते मोजतात आणि मेम्ब्रेन नवं असताना वहीत लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघतात. त्या वेळी पाण्याचं तापमानही लिहावं लागतं. थंड पाणी दाट असतं, एका अंशाच्या फरकाने सुमारे तीन टक्के पाणी कमी-जास्त निघतं. तापमान न बघता घाण राहिलीय समजून पुन्हा पुन्हा धुणं म्हणजे चांगल्या मेम्ब्रेनला उगाच त्रास.

आता साठवण. मेम्ब्रेन वाळलं तर आधाराच्या थरातली बारीक छिद्रं मिटतात आणि मग पाणी पूर्वीसारखं जात नाही. गोठलं तर बर्फ फुगून थर फाटतो. तिकडे जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जातो, आणि हंगामाबाहेर सिरपच्या शेडमध्ये शेगडी नसते. नुसतं ओलं ठेवलं तर जंतू वाढतात. घरगुती आरओतही हेच होतं. एका मे महिन्यात आम्ही महिनाभर गावी होतो. परतल्यावर पहिल्या पेल्याला कुबट वास आला, टाकीतलं सगळं पाणी ओतून द्यावं लागलं.

मेपलवाले मेम्ब्रेन यंत्रातून ओढून काढतात, झाकणाच्या नळकांड्यात त्याच स्वच्छ पाण्यात बुडवतात आणि घराच्या तळघरात नेऊन ठेवतात. पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. उत्पादक साधारण एक टक्का द्रावण सुचवतात. ते पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, उरलंसुरलं क्लोरीनही मारतं, आणि जंतूंना वाढू देत नाही. पण ऑक्सिजन खाता खाता ते स्वतः संपतं आणि पाणी आंबट होत जातं. म्हणून अधूनमधून पीएच पट्टी बुडवायची. आकडा तीनच्या खाली गेला की द्रावण बदलायचं. झाकण घट्ट हवं, नाहीतर बाहेरची हवा औषध संपवत राहते. ही पावडर आम्लात मात्र कधीच मिसळू नये, त्यातून सल्फर डायऑक्साइडचा घुसमटवणारा वायू सुटतो. मागे राहिलेल्या पंपातलं आणि नळ्यांतलं पाणीही थेंबभर न ठेवता काढायचं, नाहीतर हिवाळ्यात पंपाला तडा जातो.

फेब्रुवारीत नळकांडं उघडलं की पेटलेल्या काडीसारखा वास नाकात शिरतो. मेम्ब्रेन पुन्हा बसवून तो वास पार जाईपर्यंत पाणी सोडतात आणि ते सगळं गटारात जाऊ देतात, कारण काही जणांना सल्फाइटची ॲलर्जी असते. मग पाण्याचं माप घेतात, आणि वहीत गेल्या वर्षीच्या आकड्याखाली नवा आकडा लिहितात.