गर्भारपणातील जनुकीय तपासणीचा निर्णय

गर्भारपणातील जनुकीय तपासणीचा निर्णय : पोटातील बाळाला गुणसूत्रांचा किंवा जनुकांचा एखादा दोष आहे का, हे जन्मापूर्वी पाहायचे की नाही, पाहायचे तर कोणत्या चाचणीने आणि कोणत्या आठवड्यात, हे ठरवणे. यातली कोणतीही चाचणी कायद्याने सक्तीची नाही. नागपुरात हा क्रम इतर शहरांपेक्षा वेगळा लावावा लागतो, कारण येथे डाउन सिंड्रोमच्या (एक गुणसूत्र जास्त असल्याने बौद्धिक वाढ मंदावणाऱ्या स्थितीच्या) आधी सिकलसेलचा (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) प्रश्न उभा असतो.

आधी आईवडिलांचे रक्त : भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. विदर्भात हा आजार आदिवासींइतकाच अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो. ‘आमच्यात नसतो’ असे धरून चालणे येथे महागात पडते. आईवडील दोघेही वाहक (सदोष जनुक एकच असलेले, स्वतः सहसा आजारी नसलेले), म्हणजे येथल्या बोलीत ‘एएस पॅटर्न’, असतील तर प्रत्येक खेपेला बाळ ‘एसएस’, म्हणजे पीडित, असण्याची शक्यता २५%, वाहक असण्याची ५०% आणि पूर्ण मोकळे असण्याची २५% असते. पहिले मूल एसएस निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. दरवेळी फासा नव्याने पडतो.

सिकलसेल शोधणारी सोल्युबिलिटी ही रक्ताची चाचणी स्वस्त आणि झटपट होते, पण ती एएस आणि एसएस दोघांतही पॉझिटिव्ह येते आणि थॅलसेमियाच्या (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या) वाहकाला पकडतच नाही. एक सिकलचा आणि एक थॅलसेमियाचा वाहक अशा जोडप्याचे बाळही गंभीर आजारी असू शकते. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस आणि सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी. हिमोग्लोबिनचा ए२ हा प्रकार ३.५% च्या वर गेला की थॅलसेमियाचा वाहक असल्याचा संशय घेतात. रक्तात लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली दिसून वाहक निसटतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर दात्याचे रक्त मिसळल्याने अहवाल फसवा येतो. तसे आधीच सांगावे.

नोंदणी नागपुरातल्या मेडिकलला असो, मेयोत (दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये), डागा रुग्णालयात, मिहानमधल्या एम्समध्ये किंवा खासगीत, पहिल्याच भेटीत, शक्यतो आठव्या आठवड्याच्या आत, हे रक्त द्यावे. व्यवहारात घोडे अडते ते नवऱ्याच्या रक्तापाशी. बाई वाहक निघते, नवरा बुटीबोरीच्या कारखान्यातल्या पाळीत किंवा पुण्यात नोकरीला, ‘मला काही झालेले नाही’ म्हणत तीन आठवडे जातात आणि नमुना घेण्याची योग्य वेळ टळते. दोघांचे रक्त एकाच दिवशी दिले तर हा घोळच होत नाही. नवरा ‘एए’, म्हणजे सिकलचे जनुक नसलेला, निघाला आणि थॅलसेमियाचाही वाहक नसेल, तर सिकलसाठी पुढे काहीही करावे लागत नाही. बहुसंख्य जोडप्यांचा प्रश्न येथेच मिटतो.

दोघेही वाहक निघाले तर बाळाचा नमुना घेण्याचा पर्याय पुढे येतो. ११ ते १४ आठवड्यांत सोनोग्राफीत पाहत पोटातून सुई घालून वारेचा बारीक तुकडा घेतात. याला सीव्हीएस म्हणतात. १६ व्या आठवड्यापासून गर्भजल परीक्षण करता येते, त्यात १५ ते २० मिली पाणी काढतात. अनुभवी हातात या दोन्हींमुळे गर्भपात होण्याचा वाढीव धोका हजारात एक ते तीनच्या आसपास असतो. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर उत्तर चुकू शकते, म्हणून आईचे रक्तही सोबत पाठवतात. आईवडिलांचे जनुकीय बदल आधी माहीत असावे लागतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर सुईनंतर ७२ तासांत अँटी-डी (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात प्रतिपिंडे बनू न देणारे) इंजेक्शन घ्यायला विसरू नये.

बाळ ‘एसएस’ आहे एवढे अहवाल सांगतो. आजार किती तीव्र असेल ते सांगत नाही. भारतातला सिकल सौम्य असतो असे पुष्कळदा ऐकवले जाते, पण विदर्भात वारंवार दुखण्याने दवाखान्यात यावे लागणारी मुले कमी नाहीत.

गुणसूत्रांच्या चाचण्या : डाउन सिंड्रोमची शक्यता आईच्या वयाबरोबर वाढते. २५ व्या वर्षी ती साधारण १,२५० जन्मांत एक, ३५ व्या वर्षी सुमारे ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक असते. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात बाळाची लांबी ४५ ते ८४ मिमी असताना एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्तातल्या दोन घटकांची चाचणी) एकत्र केले तर डाउनची दहापैकी साधारण साडेआठ-नऊ बाळे सापडतात, आणि निरोगी बाळ असलेल्या शंभरातल्या सुमारे पाच बायकांना विनाकारण धास्ती बसते. ही वेळ हुकली तर १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रुपल मार्कर (चार घटकांची रक्तचाचणी) असतो. त्याची पकड थोडी कमी.

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द येथे घात करतो. अहवालात १:२०० आले म्हणजे अशा दोनशे गर्भारणींपैकी १९९ जणींचे बाळ डाउनचे नसते. शिवाय हा आकडा अर्जात लिहिलेल्या माहितीवर उभा असतो. वय, वजन, जुळे, मधुमेह, आयव्हीएफ यांतले एकही चुकले, किंवा आठवडे सोनोग्राफीऐवजी पाळीच्या अंदाजाने मोजले, तर हिशेबच बिघडतो. अहवाल पाहून घाबरण्याआधी त्याच्या वरच्या चौकटीतली ही माहिती ताडून पाहावी.

एनआयपीटी ही गुणसूत्रांची चाचणी आईच्या रक्तातल्या वारेच्या डीएनएवर होते, दहाव्या आठवड्यापासून. डाउनसाठी ती ९९% च्या आसपास पकडते, पण तीही चाळणीच आहे, खात्रीची चाचणी नव्हे. समजा दहा हजार तरुण गर्भारणींत दहा बाळे डाउनची आहेत. ती जवळपास सगळी सापडतील, पण हजारात एक खोटा इशारा धरला तरी आणखी दहा निरोगी बाळांवर ठपका येईल. म्हणजे तरुण आईचा पॉझिटिव्ह अहवाल निम्म्या वेळा खोटा असू शकतो. गर्भजल परीक्षणाशिवाय त्यावर निर्णय घेऊ नये. वारेचा डीएनए ४% पेक्षा कमी असेल (आईचे वजन जास्त किंवा आठवडे कमी असताना असे होते), तर निकाल बहुधा लागत नाही आणि पुन्हा रक्त द्यावे लागते. नेहमीच्या एनआयपीटीत सिकलसेल कळत नाही. ‘सगळ्यात महाग चाचणी केली, आता काळजी नाही’ म्हणणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

मोठे व्यंग पाहण्यासाठी १८ ते २० आठवड्यांचा अ‍ॅनॉमली स्कॅन वेगळा करावाच लागतो.

कायदा आणि मुदत : लिंगनिदानासाठी गर्भपरीक्षणाचा वापर रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. गुणसूत्रांचे दोष, सिकलसेल व थॅलसेमियासारखे रक्ताचे आजार यांसाठी तपासणीला त्यात मुभा आहे. सुई घालून नमुना घेण्यापूर्वी बाईला समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते आणि तिची प्रत तिला द्यावी लागते. बाळाचे लिंग कोणत्याही मार्गाने सांगणे गुन्हा आहे. गर्भपाताच्या कायद्यातली दुरुस्ती २०२१ मध्ये लागू झाली: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, गंभीर व्यंग असल्यास २४ पर्यंत दोघांचे, त्यापुढे राज्य वैद्यकीय मंडळाचे. पेशी वाढवून गुणसूत्रे पाहणाऱ्या अहवालाला दोन ते तीन आठवडे लागतात. १९ व्या आठवड्यात पाणी काढले तर उत्तर येईतो मुदतीचा काठ दिसू लागतो.

ठरवताना : प्रत्येक चाचणीआधी एकच प्रश्न उपयोगी पडतो, उत्तर वाईट आले तर आपण काय वेगळे करू? गर्भ ठेवायचाच असे पक्के असेल तर सुईचा धोका पत्करण्याचे कारण उरत नाही, पण तपासणी तेव्हाही निरुपयोगी नसते. डाउनच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो, त्यामुळे बाळंतपण कुठे करायचे हे आधी ठरवता येते. दोघे वाहक असतील तर जन्मतःच बाळाची सिकल तपासणी करून, ते एसएस असल्यास, दोन महिन्यांच्या आसपास संसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलीन सुरू करता येते. पहिल्या खेपेला बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि फाईल सासरीच राहते. एचपीएलसीच्या कागदाची एक प्रत तिच्या पिशवीत असावी. सासू काय म्हणेल या धाकाने वाहक असल्याचे लपवले जाते, आणि दोष मात्र बाईलाच लागतो. एसएस बाळाला आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेले असते, हे समुपदेशकाने दोन्ही घरच्यांना एकत्र बसवून सांगितलेले बरे.